कुलूप, किल्ली आणि रिद्धपूरची पोथी

कुलूप लावताना माणसाच्या डोळ्यांपुढे चोर असतो, वारस नसतो. चोर आत येऊ नये म्हणून तो इतकी काळजी घेतो, की पुढे कधी तरी घरच्याच माणसाला दाराबाहेर ताटकळत उभं राहावं लागतं. पूर्वी हे तिजोरीच्या बाबतीत व्हायचं, जमिनीत पुरलेल्या हंड्याच्या बाबतीत व्हायचं. आता ते संगणकाच्या बाबतीत होऊ लागलं आहे. आज मला अशाच एका कुलपाविषयी बोलायचं आहे. ते आपल्या मराठीत काही शतकांपूर्वी घातलं गेलं आणि विसाव्या शतकात उघडलं. त्याच्या आत सोनंनाणं नव्हतं. आत होतं मराठीचं पहिलं मोठं गद्य, आणि ते लिहिलं गेलं होतं आपल्या अमरावती जिल्ह्यात. पण त्या जुन्या कुलपाची गोष्ट नीट समजावी म्हणून आधी आजच्या कुलपाविषयी थोडं सांगतो.

बिटकॉइन हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. जानेवारी २००९ मध्ये हे चलन सुरू झालं. त्याला ना राजा, ना टांकसाळ, ना रिझर्व्ह बँक. कुणी कुणाला किती दिलं याची एक मोठी खातेवही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. ज्याला आपण बिटकॉइनचं पाकीट किंवा वॉलेट म्हणतो, त्यात नाणी नसतातच. त्यात असते फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. तो ज्याच्या हाती, त्याचं धन. हा आकडा कुणी चोरू नये म्हणून २०११ पासून त्या फाइलला पासवर्डचं कुलूप लावण्याची सोय झाली. लोकांनी कुलूप लावलं, फाइलची एक जादा प्रत काढून ठेवली आणि आपल्या कामाला लागले. तेव्हा त्या नाण्याला फारशी किंमत नव्हती. किंमत आली तेव्हा प्रत सापडली, पण पासवर्ड आठवेना.

बँकेत असं झालं तर आपण शाखेत जातो, आधार कार्ड दाखवतो, साहेबांच्या पुढ्यात बसतो आणि काम होतं. इथे शाखा नाही आणि साहेबही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेफान थॉमस या संगणकतज्ज्ञाची हकिगत जानेवारी २०२१ मध्ये जगभर गाजली. त्याची ७,००२ बिटकॉइन एका लहानशा उपकरणात बंद आहेत. ते उपकरण पासवर्डासाठी फक्त दहा संधी देतं आणि नंतर कायमचं मिटतं. आठ संधी त्याने तेव्हाच वापरून टाकल्या होत्या. पासवर्ड लिहिलेला कागद मात्र हरवलेला होता. त्या वेळच्या भावाने ती रक्कम बावीस कोटी डॉलरच्या घरात जात होती. माणूस श्रीमंत आहे, पण स्वतःच्या दाराबाहेर उभा आहे.

अशी बंद फाइल पुन्हा उघडायची असेल तर तीन गोष्टी लागतात. पहिली, मजकुराची प्रत शाबूत हवी. दुसरी, कुणाला तरी काही तरी आठवायला हवं. तिसरी, ज्याने कुलूप लावलं त्याची सवय ओळखता आली पाहिजे. या तीन गोष्टी मनात ठेवा. रिद्धपूरच्या पोथीच्या बाबतीतही नेमक्या याच तीन गोष्टी उपयोगी पडल्या.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथ त्यांना चक्रधर स्वामींचे गुरू मानतो. १२७४ च्या सुमारास चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली शिष्यमंडळी नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत आली. त्यांच्यात म्हाइंभट नावाचे एक विद्वान होते. स्वामींच्या आठवणी विरून जाण्याआधी लिहून ठेवल्या पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. १२७८ च्या सुमाराला त्यांनी ते काम सुरू केलं. तेच 'लीळाचरित्र'. 'ज्ञानेश्वरी'चं वर्ष आपण १२९० मानतो, म्हणजे हे त्याच्या बारा वर्षं आधीचं.

म्हाइंभटांची पद्धत आजच्या चांगल्या वार्ताहरालाही शिकण्यासारखी आहे. प्रसंग ज्याने पाहिला त्यालाच विचारायचं, तो सांगेल ते त्याच्याच बोलीत टिपायचं, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही नोंदवायचा. त्यामुळे त्या ग्रंथात तेव्हाचं सगळं जगणं आलं आहे: काय खात, काय नेसत, कशावरून भांडत, बाजारात काय मिळे, वाटेत कोण भेटे. आणि ते सगळं साध्या मराठीत. पंथातल्या एका पंडिताला संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं अशी आठवण सांगतात. संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना ते कसं कळणार, असा त्यांचा सवाल होता. ज्या पंथाने ज्ञान साऱ्यांना कळावं म्हणून मराठी निवडली, त्याच पंथाने पुढे ती मराठी कुलपात ठेवली. या गोष्टीतला खरा पेच हाच आहे, आणि त्याकडे आपण येऊच.

त्याआधी एक मोठा घाला पडला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आपल्या एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून, देवगिरीवर चालून गेला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. फौजा येत होत्या, जात होत्या, माणसं घरदार सोडून पळत होती. या धामधुमीत एका धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. लुटणाऱ्याला त्या बासनात काय आहे हे कळलंही नसेल. त्याला जड गाठोडं दिसलं असेल, एवढंच. मोठमोठे ठेवे बहुतेक वेळा द्वेषाने नाही, तर असे अजाणतेपणीच नाहीसे होतात.

मग पोथी परत आली कशी? तीही परंपराच सांगते. हिराइसा नावाच्या एका साधक बाईला तो ग्रंथ मुखोद्गत होता. तिच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला. आजही अभ्यासक 'हिराइसेचा पाठ' असा उल्लेख करतात. इतरांच्या आठवणींतूनही पाठ तयार झाले आणि त्यांच्यात थोडेफार फरक राहिले. पण ग्रंथ वाचला. शेवटची प्रत कागदावर नव्हती, एका बाईच्या स्मरणात होती. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या आपल्या वऱ्हाडी आयाबायांना यात काही नवल वाटणार नाही.

मला इथे एक उलटी गोष्ट आठवते. प्रेषित मुहम्मद यांच्या निधनानंतर थोड्याच काळाने यमामाची लढाई झाली. कुराण ज्यांना तोंडपाठ होतं असे अनेक हाफिज तीत कामी आले. तेव्हा हजरत अबू बकर यांनी सारा मजकूर एकत्र लिहून घेण्याचं काम सोपवलं, अशी इस्लामी परंपरा आहे. तिथे पाठ असणारी माणसं गेली म्हणून लिहून ठेवावं लागलं, आणि इथे लिहिलेलं गेलं म्हणून पाठांतर कामी आलं. दोन्हींतून शहाणपण एकच निघतं. ठेवा एकाच जागी आणि एकाच रूपात ठेवू नये.

आजच्या संगणकवाल्यांनाही हे उशिरा कळलं. २०१३ मध्ये त्यांनी एक युक्ती काढली. तो प्रचंड आकडा माणसाच्या लक्षात राहणं शक्य नाही, म्हणून २,०४८ साध्या शब्दांची एक यादी केली. त्यातले बारा किंवा चोवीस शब्द ठराविक क्रमाने जुळवले की किल्ली पुन्हा तयार होते. एवढ्या मोठ्या यंत्रविद्येला शेवटी कागदावर लिहिलेल्या बारा शब्दांचा आधार घ्यावा लागला. हिराइसेच्या तुलनेत हे पाठांतर फारच सोपं म्हणायचं.

आता कुलपाकडे येऊ. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध सकळ लिपी. ती रवळोबासांनी तयार केली असं मानतात. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. सांकेतिक भाषा आपल्याला तशी नवी नाही. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. त्या बोटांच्या भाषेला करपल्लवी म्हणतात. लहान मुलं प्रत्येक शब्दात 'च' घुसडून मोठ्यांसमोर खुशाल बोलतात. सकळ लिपी यापेक्षा पुष्कळ पद्धतशीर होती, पण तिचं तत्त्व तेच. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर लिहायचं.

मी माझ्या मनाचं एक उदाहरण देतो. ही खरी सकळ लिपीची किल्ली नव्हे. समजा आपण ठरवलं की 'क' च्या जागी 'म' लिहायचा, 'म' च्या जागी 'क' आणि 'ल' च्या जागी 'र'. आता 'कमल' लिहा. कागदावर उमटेल 'मकर'. किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला कमळ दिसेल, नसेल त्याला मगर. आता अशीच सगळी अक्षरं बदलून शेकडो पानांची पोथी लिहिली तर काय होईल याची कल्पना करा. अक्षरं तीच नागरी, डोळ्यांना ओळखीची. पण वाचायला जावं तर एकाही वाक्याचा अर्थ लागत नाही.

हे कुलूप का लावलं, याची वेगवेगळी कारणं अभ्यासक देतात. कुणी म्हणतात, पवित्र मजकूर भलत्याच्या हाती पडू नये म्हणून. कुणी म्हणतात, काळ धकाधकीचा होता आणि पंथाला परके मानणारेही पुष्कळ होते म्हणून. पंथाची आपली माणसं दूरदूर पसरली होती, हेही विसरता येत नाही. पुढे पंजाबात त्यांचे मठ झाले, तिथे त्यांना जयकृष्णी म्हणत. काबूलपर्यंत हा पंथ गेला असं सांगतात. इतक्या लांब, परक्या मुलखात, मराठी पोथी जपायची तर तिला आडोसा हवाच होता.

या कुलपाने फायदा केला का? केला, हे मान्य करावं लागेल. 'ज्ञानेश्वरी' सगळ्यांसाठी उघडी होती. घरोघरी तिच्या नकला झाल्या आणि नकलांबरोबर पाठही बिघडत गेले. इतके, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना बसून तिचा पाठ शुद्ध करावा लागला. महानुभावांच्या पोथ्यांतही पाठभेद झाले, नाही असं नाही. पण नक्कल करणारा जाणकार असे, किल्ली ज्याला दिली त्यालाच अक्षर लावता येई. त्यामुळे यादवकाळातली बोली त्या पोथ्यांत बरीचशी जशीच्या तशी राहिली. बंद डब्यातलं लोणचं टिकावं तशी ती मराठी टिकली.

आणि तोटा? तोही तेवढाच मोठा. कित्येक शतकं बाकीच्या मराठी माणसांना या ठेव्याचा पत्ताच नव्हता. 'शिशुपालवध', 'रुक्मिणीस्वयंवर', 'रिद्धपूरवर्णन' यांसारखी काव्यं लिहिली गेली. पहिली मराठी कवयित्री म्हणून जिचं नाव घेतो ती महदाइसा धवळे रचत होती. ते सगळं मठांतल्या बासनांत बांधलेलं राहिलं. आणि आत काय आहे हे ठाऊक नसलं की बाहेरचे लोक मनाला येईल ते आत आहे म्हणून सांगतात. महानुभावांविषयी तेच झालं. त्यांच्याबद्दल कितीतरी वेड्यावाकड्या कथा पसरल्या, आणि त्या खोट्या ठरवणारा पुरावा त्यांनीच कुलपात ठेवलेला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही किल्ली हरवलेली नव्हती. ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली आणि मठांत पोथ्या वाचल्या जातच होत्या. बाहेर राहिलो होतो ते आपण. म्हणून कुलूप उघडणं म्हणजे फक्त कोडं सोडवणं नव्हतं, विश्वास मिळवणंही होतं.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात दोन्ही वाटांनी प्रयत्न झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे महानुभावांचे ग्रंथ छापू लागले. यवतमाळचे य. खु. देशपांडे मठांमधून हिंडले, महंतांशी त्यांनी स्नेह जोडला आणि १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ दिला. १९३६ पासून ह. ना. नेने यांनी नागपुराहून 'लीळाचरित्रा'चे भाग काढले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणं नव्याने लिहावी लागली.

असं कुलूप किल्लीवाचून उघडता येतं का? येतं. याची विद्या नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या तत्त्ववेत्त्याने सांगून ठेवली आहे. त्याने सांकेतिक मजकूर उलगडण्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. अशा मजकुराला अरबीत 'मुअम्मा' म्हणतात. उर्दू मासिकांतल्या शब्दकोड्यालाही आमच्याकडे हाच शब्द आहे. अल्-किंदीचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. सांकेतिक मजकुरातली अक्षरं मोजा. सगळ्यांत जास्त वेळा येणारं चिन्ह बहुधा त्या भाषेतल्या सगळ्यांत जास्त वापरातल्या अक्षराचं असणार. एकेक अक्षर असं हाती लागलं की पुढची आपोआप सुटत जातात. 'लीळाचरित्रा'त 'सर्वज्ञ' हा शब्द किती ठिकाणी येतो ते पाहा. लिहिणाऱ्याने अक्षरं बदलली, पण बोलण्याची सवय कुठे बदलणार? आणि गंमत अशी, की अल्-किंदीचा तो ग्रंथही शतकानुशतकं विस्मरणात गेला होता. १९८० च्या दशकात तो इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातून पुन्हा उजेडात आला.

आजच्या कुलपालाही हीच विद्या लागू पडते. २०२४ मध्ये अमेरिकेतले इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार जो ग्रँड यांनी एक जुनं पाकीट उघडल्याचं जाहीर झालं. त्यात ४३.६ बिटकॉइन होती. मालकाने २०१३ मध्ये एका प्रोग्रॅमकडून वीस अक्षरांचा पासवर्ड बनवून घेतला होता. तो ज्या फाइलीत ठेवला ती फाइल बिघडली. वीस अक्षरांचा पासवर्ड अंदाजाने शोधायचा तर जन्म पुरणार नाहीत. पण ग्रँड आणि त्यांच्या जर्मन साथीदाराने तो प्रोग्रॅम उलगडून पाहिला. तेव्हा दिसलं, की त्याची जुनी आवृत्ती पासवर्ड बनवताना संगणकाच्या घड्याळाकडे पाहत असे. म्हणजे तारीख आणि वेळ कळली की पासवर्ड कळला. मालकाला नेमका दिवस आठवत नव्हता, आणि पासवर्डात विशेष चिन्हं होती असं जे त्याला वाटत होतं तेही चुकीचं निघालं. ते गृहीतक सोडून दिल्यावर मे २०१३ मधला एक क्षण हाती लागला आणि पाकीट उघडलं. इथेही प्रत शाबूत होती, मालकाची अर्धवट आठवण होती, आणि कुलूप बनवणाऱ्याची सवय ओळखता आली. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी जमल्या.

पण कुलूप उघडलं की सगळं संपतं असं नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेळचे डॉ. वि. भि. कोलते यांनी आपलं आयुष्य महानुभाव साहित्याला दिलं. अनेक पोथ्या ताडून त्यांनी सिद्ध केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. त्यातल्या काही मजकुरावर पंथातल्या काहींनी आक्षेप घेतला. तो वाद बरीच वर्षं चालला. अभ्यासकाला वाटतं, जे लिहिलेलं आहे ते सगळ्यांसमोर यावं. श्रद्धावंताला वाटतं, आमच्या घरातली गोष्ट तुम्ही चव्हाट्यावर का मांडता? दोघांचंही दुःख खरं आहे. बंद पेटी उघडता येणं वेगळं आणि ती उघडण्याचा हक्क असणं वेगळं. पेटी कुणाची, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या प्रश्नाचं एक समंजस उत्तर आपल्याच अमरावतीत मिळालं. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी कारंजाच्या जैन भांडारांतल्या पोथ्या पाहिल्या. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ तिथे जपलेले होते. अपभ्रंश म्हणजे आपल्या आजच्या भाषांची आजी. १९३१ पासून कारंजा ग्रंथमालेतून ते ग्रंथ छापले जाऊ लागले. इथे सांकेतिक लिपी नव्हती, पण वाचणाराच उरला नाही तर साधी लिपीही कुलूपच होते.

त्यानंतर जैनांनी 'धवला' हाती घेतला. नवव्या शतकातली ही प्रचंड टीका. तिची ताडपत्रं कर्नाटकातल्या मूडबिद्रीला जुन्या कन्नड लिपीत होती. दर्शन घ्यावं, वाचू नये, अशी त्यांची स्थिती झाली होती. १८९६ च्या सुमारास तिथे नकला करण्याचं काम सुरू झालं. पोथी बाहेर जाऊ द्यायला तिथल्या मंडळींची तयारी नव्हती, तरी एक नक्कल गुपचूप बाहेर पडली आणि उत्तरेत सहारनपूरला पोचली. तिच्यावरून झालेल्या नकलांच्या आधारे जैनांनी संपादन केलं. १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून निघाला. पुढे सोळा खंड झाले. काम किती निष्ठेने चाललं आहे हे पाहिल्यावर मूडबिद्रीकरांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची मुभा दिली. चोरून आलेल्या नकलेने दार किलकिलं झालं होतं. ते पूर्ण उघडलं ते विश्वासाने.

आता आपल्या घराकडे वळू. बिटकॉइन सगळ्यांजवळ नसेल, पण बंद पेट्या आता घरोघरी आहेत. लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, मुलांच्या बाळपणीचे आवाज, सगळं फोनमध्ये आणि ईमेलमध्ये आहे, आणि त्याची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात. तो माणूस गेला की घर दाराबाहेर. बँकेत वारसाचं नाव लावायचा फॉर्म तरी असतो. या पेट्यांचा फॉर्म आपला आपणच भरायला हवा. काय कुठे आहे आणि ते कसं उघडायचं, हे एका कागदावर लिहून विश्वासाच्या एका माणसाला सांगून ठेवा. कागद घरात एक आणि घराबाहेर एक असावा.

ज्यांचं जुनं पाकीट खरोखरच बंद पडलं आहे, त्यांच्यासाठीही दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की मूळ फाइलीला हात न लावता तिच्या दोन-तीन प्रती काढा आणि प्रयोग प्रतींवरच करा. मग त्या काळी आपण कसे पासवर्ड ठेवत होतो ते आठवा. कुणाचं नाव घालत होतो, कोणता आकडा जोडत होतो, पहिलं अक्षर मोठं काढत होतो का, हे सगळं कागदावर उतरवा. सवय हाच धागा आहे. दुसरी गोष्ट अशी, की हल्ली 'तुमचं पाकीट उघडून देतो' म्हणणारे भामटे फार झाले आहेत. ते आधी ते बारा शब्द मागतात किंवा आगाऊ फी मागतात. बारा शब्द देणं म्हणजे तिजोरीच देणं. ते कुणालाही देऊ नयेत. आणि हेही लक्षात असू द्या, की या चलनाला आपल्या देशात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. त्यातल्या नफ्यावर मात्र एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे.

रिद्धपूरची गोष्ट आता पुढे गेली आहे. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपली भाषा किती जुनी आणि किती समृद्ध, हे दाखवताना जे ग्रंथ पुढे ठेवावेत, त्यांत रिद्धपूरला लिहिलेला हा ग्रंथ अगदी वर येतो. आणि त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाचं काम सुरू झालं. जिथे मराठी गद्य जन्मलं त्या मातीत मराठीचं विद्यापीठ उभं राहावं, ही वऱ्हाडासाठी आनंदाची गोष्ट आहे.

मठांत, वाड्यांत, देवघरांत अजून कितीतरी बासनं बांधलेली आहेत. काही सांकेतिक लिप्यांत आहेत, पुष्कळशी मोडीत आहेत, काही फारसीत. त्यांतल्या बऱ्याच घरांत आता ती वाचणारा माणूस नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांना सहज वाचता येणारी मोडी आज नातवंडांना परकी आहे. ते कुलूप कुणी लावलेलं नाही, ते आपल्या दुर्लक्षाने लागलं आहे. म्हणून नव्या विद्यापीठातल्या मुलामुलींनी पदवीबरोबर एकेक जुनी लिपीही शिकावी, आणि ज्यांच्या घरी बासनं आहेत त्यांनी ती त्यांच्यापुढे विश्वासाने सोडावी. विश्वास दोन्हीकडून लागेल. वाचणाऱ्याने आब राखावा, देणाऱ्याने हात आखडू नये.

चोराला भिऊन लावलेलं कुलूप हिराइसेच्या स्मरणामुळे, एखाद्या महंताच्या मनाच्या मोठेपणामुळे आणि राजवाडे-देशपांडे-कोलत्यांच्या कष्टांमुळे आपल्यासाठी उघडलं. आपणही पुढच्यांसाठी काही तरी बंद करून ठेवणारच आहोत. ते जरूर ठेवावं, पण किल्ली कुणाच्या तरी हातात देऊन.